आंतरवासितेतील रुग्णालयाची निवड आणि पदव्युत्तर प्रवेश

बी.ए.एम.एस.ची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाली की विद्यार्थ्यासमोर बारा महिन्यांची आंतरवासिता, म्हणजेच रूढ भाषेतील इंटर्नशिप, उभी राहते. त्याच सुमारास पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची चिंताही सुरू होते. आपल्या संघटनेतील अनेक सभासदांची मुले-मुली आज या टप्प्यावर आहेत. अनेकांच्या चिकित्सालयात सायंकाळी बसणारे तरुण सहायकही याच वर्षातून जात असतात. त्यांच्याकडून एकच प्रश्न वारंवार येतो : कोणत्या रुग्णालयात पोस्टिंग घेतली असता एम.डी. किंवा एम.एस.ला जागा मिळण्याची शक्यता वाढेल? या प्रश्नाचा नियम, शास्त्र आणि व्यवहार या तीनही अंगांनी विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रवेशप्रक्रियेचे आजचे स्वरूप

प्रथम वस्तुस्थिती स्पष्ट असावी. २०१७ पासून आयुष पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे प्रवेश अखिल भारतीय सामाईक परीक्षेने, म्हणजे एआयएपीजीईटीने होतात. २०१९ पासून ही परीक्षा नॅशनल टेस्टिंग एजन्सीकडे आली. अलीकडच्या वर्षांत तिचे स्वरूप १२० बहुपर्यायी प्रश्न व ४८० गुण असे आहे. बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होतो. गुणानुक्रम लागल्यावर अखिल भारतीय कोट्यातील १५ टक्के जागांचे समुपदेशन केंद्रीय समिती करते. आपल्या राज्याच्या कोट्यातील जागा राज्य सीईटी कक्षाच्या फेऱ्यांमधून भरल्या जातात.

या प्रक्रियेत कोठेही मुलाखत नाही, शिफारसपत्र नाही, आणि आंतरवासिता कोणत्या रुग्णालयात केली याला एकही गुण नाही. अमेरिकेसारख्या देशांत रेसिडेन्सीसाठी निवड करताना विद्यार्थ्याने कोणत्या रुग्णालयात काम केले आणि तेथील वरिष्ठांनी त्याच्याविषयी काय लिहिले, याला महत्त्व असते. परदेशातील नातेवाईकांकडून ते ऐकून काही पालक आपल्याकडेही नामवंत रुग्णालयाच्या प्रमाणपत्रामागे धावतात. आपल्या पद्धतीत त्या प्रमाणपत्राने गुणानुक्रम एका अंकानेही बदलत नाही.

मग यावरून अनेक विद्यार्थी दुसरे टोक गाठतात. गुण केवळ परीक्षेचे असतील, तर जेथे रुग्ण नाहीत, रात्रपाळी नाही आणि दिवसभर वाचता येते, तेथेच पोस्टिंग घ्यावी, असा हिशेब ते मांडतात. क्वचित हजेरीपुरते जाणे किंवा न जाताच सही मिळवणे, येथपर्यंतही मजल जाते. हा हिशेब वरवर बिनतोड वाटतो, परंतु त्यात एक महत्त्वाची बाब सुटलेली आहे.

गुण आणि पसंतीक्रम

परीक्षेने विद्यार्थ्याला क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावर काय मागायचे, हे मात्र पसंतीक्रमाच्या अर्जात त्यालाच लिहावे लागते. कायचिकित्सा की पंचकर्म, शल्य की शालाक्य, प्रसूती-स्त्रीरोग की बालरोग, द्रव्यगुण की रसशास्त्र. शिवाय कोणते महाविद्यालय, कोणते गाव. हा अर्ज मोजक्या दिवसांत भरावा लागतो, आणि त्यावर पुढील तीन वर्षे व बहुधा पुढील सारी वैद्यकी अवलंबून असते. ज्याने बारा महिने रिकाम्या वॉर्डात वाचन केले, तो हा अर्ज मित्रांच्या सल्ल्याने, मागील वर्षीच्या शेवटच्या क्रमांकांवरून किंवा घरच्यांच्या इच्छेवरून भरतो. शस्त्रकर्मगृहात दोन तास उभे राहिल्यावर आपल्याला कसे वाटते हे ज्याला ठाऊक नाही, तो शल्यतंत्र पहिल्या क्रमांकावर लिहितो. लहान मुलांच्या रडण्याने जो व्यथित होतो, तो केवळ जागा मिळते म्हणून बालरोग घेतो. अशा वैद्याच्या वाट्याला येणारा रुग्णही या चुकीची किंमत मोजतो, हे विसरता येत नाही.

सारांश असा की, गुण परीक्षा देते, परंतु पसंतीक्रम आंतरवासिता देते. रुग्णालयाची निवड या दृष्टीने केली, तर परीक्षेच्या तयारीलाही तिची मदत कशी होते, ते पुढे पाहू.

नियमांत वाव किती?

२०२१ मध्ये केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेची जागा राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाने घेतली. त्यानंतर २०२२ मध्ये पदवी शिक्षणाच्या किमान मानकांचे विनियम आले. त्यांनुसार आंतरवासितेचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात सहा महिने महाविद्यालयाला संलग्न आयुर्वेद रुग्णालयात व सहा महिने प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय अशा मान्य संस्थेत काढावयाचे असतात. दुसऱ्या मार्गात पूर्ण बारा महिने संलग्न आयुर्वेद रुग्णालयातच जातात. महाविद्यालयातील विभागांचा कालावधी ठरलेला असतो; त्यात विद्यार्थ्याच्या इच्छेला फारसा वाव नाही. खरी निवड तीन ठिकाणी असते : दोहोंपैकी कोणता मार्ग घ्यावा, बाहेरचे सहा महिने कोठे घालवावेत, आणि विभागांचा क्रम कसा लावून घ्यावा.

येथे एक व्यावहारिक सूचना आवश्यक आहे. बाहेरील संस्थेत जाण्यापूर्वी महाविद्यालयाची लेखी परवानगी, त्या संस्थेची मान्यता आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची तात्पुरती नोंदणी, या तिन्ही गोष्टी कागदावर पूर्ण असाव्यात. प्रवेश परीक्षेच्या पात्रतेसाठी आंतरवासिता विशिष्ट तारखेपर्यंत पूर्ण व्हावी लागते. अमान्य ठिकाणी काढलेले दिवस किंवा भरून काढावी लागणारी गैरहजेरी यामुळे ती तारीख हुकली, तर उत्तम गुण असूनही संपूर्ण वर्ष वाया जाते.

रुग्णालयाची परीक्षा : चरकाची दृष्टी

निवडीचे निकष शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या, रोगभिषग्जितीय अध्यायात वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने आधी स्वतःची शक्ती, कार्याचे गुरु-लाघव, देश व काल यांचा विचार करावा, नंतर शास्त्राची आणि मग आचार्याची परीक्षा करावी, असा क्रम सांगितला आहे. तेथे आचार्याचे जे गुण दिले आहेत, त्यांपैकी चार गुण आजच्या रुग्णालयाला जसेच्या तसे लावता येतात.

१) परिदृष्टकर्मा : येथे प्रत्यक्ष कर्म घडते काय? फलकावर पंचकर्म विभाग लिहिलेला असणे वेगळे आणि महिन्यात किती वमने, किती विरेचने पूर्ण विधीने झाली, हे वेगळे. जाण्यापूर्वी बाह्यरुग्ण विभागाची रोजची सरासरी, आंतररुग्णांची संख्या आणि गेल्या महिन्यातील कर्मांची नोंदवही पाहावयास मागावी. मागील वर्षीच्या दोन आंतरवासितांना विचारले तरी खरे चित्र कळते.

२) जितहस्त : कर्म करणारा वरिष्ठ हातचा कुशल आहे काय, आणि तो स्वतः उपस्थित असतो काय? ज्या विभागाचा प्रमुख आठवड्यातून एकदा येतो, तेथे शिकणे परिचारकाच्या सवडीवर राहते.

३) उपकरणवान : येथे केवळ यंत्रसामग्री अभिप्रेत नाही. औषधांचा साठा, द्रोणी, प्रसूतिकक्ष, प्रयोगशाळा, क्ष-किरण आणि तातडीच्या रुग्णाला पुढे पाठविण्याची व्यवस्था, हे सर्व त्यात येते.

४) ज्ञापनसमर्थ : वरिष्ठ समजावून सांगतो काय? शंभर रुग्ण पाहणारा मौनी वैद्य आणि तीस रुग्ण पाहून प्रत्येकाचे निदान का केले हे सांगणारा वैद्य, यांत विद्यार्थ्याने दुसऱ्याकडे जावे.

या चारांच्या आधी स्वतःची परीक्षा असते, हे मात्र विसरू नये. घरची आर्थिक स्थिती, राहण्याची सोय, प्रवासाचा वेळ आणि स्वतःचे आरोग्य यांचा विचार न करता दूरचे नामवंत रुग्णालय घेणाऱ्याचा अर्धा दिवस प्रवासात जातो. त्याच्या हाती ना रुग्ण लागतो, ना वाचन.

शाखेप्रमाणे निवड

कायचिकित्सा व पंचकर्म : यासाठी संलग्न आयुर्वेद रुग्णालयातील महिने सर्वाधिक मोलाचे आहेत. शोधनकर्म चाललेल्या किमान काही रुग्णांची स्नेहपानापासून संसर्जनक्रमापर्यंत अखंड नोंद ठेवावी. वमनाचे प्रवर, मध्यम व अवर वेग अनुक्रमे आठ, सहा व चार. विरेचनाचे तीस, वीस व दहा. संसर्जनक्रम सात, पाच व तीन दिवसांचा. ही संख्या पाठ करणारा विद्यार्थी परीक्षेच्या दडपणाखाली गोंधळतो. ज्याने एका रुग्णाचे सहा वेग स्वतः मोजून पाच दिवसांची पेया-विलेपी लिहून दिली, तो सहसा गोंधळत नाही.

शल्य : २०२० च्या नोव्हेंबरमधील अधिसूचनेने शल्य व शालाक्याच्या पदव्युत्तर शिक्षणात ५८ शस्त्रकर्मे स्पष्टपणे नमूद केली; त्यांपैकी ३९ शल्याची व १९ शालाक्याची. ज्याला ही शाखा हवी, त्याने जेथे गुदरोगांचे नियमित काम आहे असा विभाग आणि बाहेरच्या सहा महिन्यांत शस्त्रकर्म चालणारे उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय निवडावे. भगंदराच्या रुग्णाचा क्षारसूत्र बदलताना साहाय्य केले की, त्या सूत्राला स्नुहीक्षीराचे अकरा, स्नुहीक्षीर व अपामार्गक्षाराचे सात आणि स्नुहीक्षीर व हरिद्रेचे तीन, असे एकवीस लेप का असतात, हे पुस्तकाविना ध्यानात राहते. सुश्रुताने योग्यासूत्रीय अध्यायात भोपळा, कोहळा यांसारख्या फळांवर छेदनाचा अभ्यास करावयास सांगितला, तो हात तयार होण्यासाठीच. टाके घालणे, व्रणबंध, कॅथेटर घालणे ही प्राथमिक कामे वरिष्ठांच्या देखरेखीखाली पुरेशी करून घ्यावीत.

शालाक्य : जिल्हा रुग्णालयाचा नेत्रविभाग हे उत्तम ठिकाण आहे. तेथे मोतीबिंदूचे रुग्ण सातत्याने येतात, आणि तपासणीचे तंत्र रोजच्या सरावाने बसते.

प्रसूती-स्त्रीरोग : ज्या ग्रामीण रुग्णालयात प्रत्यक्ष प्रसूती होतात तेच घ्यावे. नोंदवहीतील मासिक प्रसूतींचा आकडा आधी विचारावा. रात्रपाळी टाळून ही शाखा कळत नाही. आणि रात्रपाळी सोसवत नसेल, तर ते अर्ज भरण्यापूर्वी कळलेले बरे.

बालरोग : पुष्य नक्षत्राच्या सुवर्णप्राशन शिबिरातील गर्दी म्हणजे बालरोग विभाग नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसीकरण सत्र व जिल्हा रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्र येथे काही आठवडे काढावेत. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण मानतात. ही पट्टी ज्याने स्वतः लावली, त्याला कार्श्य व फक्करोगाचे वर्णन निराळ्या अर्थाने कळू लागते.

द्रव्यगुण व रसशास्त्र : आंतरवासितेच्या ठरलेल्या वेळापत्रकात या विषयांना जवळजवळ स्थान नाही. म्हणून अनेक विद्यार्थी या शाखांकडे केवळ उरलेली जागा म्हणून पाहतात. हे दुर्दैवी आहे. यावरचा उपाय औषधी-निर्मात्या सभासदांच्या हाती आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्र कमी प्रतीचे नव्हे

लहान गावातील केंद्र म्हणजे वेळ दवडणे, असा एक समज आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची बारकाईने निरीक्षणे नोंदवली. त्यातूनच त्यांचे संशोधन लॅन्सेटसारख्या नियतकालिकात गेले आणि प्राझोसिनच्या वापराने असंख्य प्राण वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. ते आधुनिक वैद्यकाचे पदवीधर असले, तरी धडा आपल्यालाही लागू आहे. केंद्र लहान असले तरी तेथे येणारा रुग्ण लहान नसतो. नोंद ठेवणारा वैद्य मात्र हवा. अगदतंत्र किंवा स्वस्थवृत्त घेऊ इच्छिणाऱ्याला तर याहून चांगली जागा क्वचितच मिळेल.

क्रम आणि वाचनाची सांगड

वाचनाला वेळ हवा, ही विद्यार्थ्यांची तक्रार रास्त आहे. ती रिकाम्या पोस्टिंगने नव्हे, तर क्रमाच्या नियोजनाने सोडवावी. २०२३, २०२४ व २०२५ या तीनही वर्षी परीक्षा जुलै महिन्यात झाली. म्हणून अधिक श्रमाचे विभाग, म्हणजे प्रसूतिकक्ष, शल्य, ग्रामीण रुग्णालय, परीक्षेपासून दूरच्या महिन्यांत मागून घ्यावेत आणि तुलनेने ठरलेल्या वेळेचे विभाग अखेरच्या तीन-चार महिन्यांत ठेवावेत. महाविद्यालयाच्या तुकड्या पडण्यापूर्वी विनंती केल्यास बहुतेक ठिकाणी हे शक्य होते. तुकड्या पडल्यावर होत नाही.

दैनंदिन वाचनाचा नियम सोपा असावा. ज्या दिवशी जो रुग्ण पाहिला, त्या रात्री त्याच व्याधीचे निदान, चिकित्सा व त्यावरील बहुपर्यायी प्रश्न पाहावेत. आमवाताचा रुग्ण पाहिला, तर माधवनिदानाचा पंचविसावा अध्याय उघडावा. बृहत्त्रयीत हा व्याधी स्वतंत्र अध्यायात का आढळत नाही, याचा विचार करावा. आणि आधुनिक दृष्टीने सांधेदुखीतील विभेदक निदान त्याच पानावर लिहावे. आठवड्याला पाच व्याधी घेतले, तरी वर्षात अडीचशे नोंदी होतात. शरीररचना, पदार्थविज्ञान यांसारखे रुग्णावर प्रत्यक्ष न दिसणारे विषय मात्र सुट्टीच्या दिवसांसाठी स्वतंत्र राखून ठेवावेत. रुग्णदर्शनाने त्यांची भरपाई होत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

आणखी एक नोंद ठेवावी. प्रत्येक विभाग संपताना तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत : या विभागात दिवसाअखेरी मी थकलो, परंतु कंटाळलो काय? येथील वरिष्ठाचे जीवन मला वीस वर्षांनी आपले म्हणून चालेल काय? माझ्या गावात या शाखेच्या वैद्याची गरज आहे काय? वर्षाअखेरी या उत्तरांवरून पसंतीक्रम जवळजवळ आपोआप तयार होतो. एका विद्यार्थ्याचा क्रमांक कमी लागून त्याला हवी ती शाखा केवळ दूरच्या महाविद्यालयात मिळत असेल आणि जवळच्या महाविद्यालयात दुसरी शाखा मिळत असेल, तर निर्णय घेण्यास हीच टिपणे उपयोगी पडतात.

२०२० च्या कायद्यात परवान्यासाठी राष्ट्रीय निर्गमन परीक्षेची तरतूद आहे, हेही ध्यानात ठेवावे. आंतरवासिता हे केवळ सहीचे वर्ष राहावे, अशी शासनाची भूमिका नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

सभासदांचे कर्तव्य

चिकित्सक सभासदांना विनंती अशी की, आपल्याकडे बसणाऱ्या आंतरवासिताला केवळ केसपेपर लिहावयास लावू नये. आठवड्यातून एका रुग्णावर त्याचे निदान त्याच्या तोंडून ऐकावे व चुकल्यास तेथेच दुरुस्त करावे. दुसरी बाब अधिक नाजूक आहे. न आलेल्या मुलाच्या हजेरीवर ओळखीखातर सही देण्याचा आग्रह आपल्यापैकी काहींना होतो. ती सही देणे म्हणजे त्या मुलावर उपकार नव्हे. त्याचे एक वर्ष आणि त्याच्या पुढील रुग्णांचा विश्वास, दोन्ही आपण काढून घेतो. अशी विनंती नम्रतेने परंतु ठामपणे नाकारावी.

औषधी-निर्मात्या सभासदांनी सुट्टीच्या काळात दोन-तीन विद्यार्थ्यांना पंधरा दिवस निर्माणशाळेत येऊ द्यावे. कच्च्या मालाची ओळख, खरा अशोक व खोटा अशोक यांच्या सालीतील फरक, ब्राह्मी आणि मंडूकपर्णी यांचा गोंधळ, आसवारिष्टांचे संधान, भस्मपरीक्षा, शेड्यूल टीप्रमाणे ठेवावयाच्या नोंदी; हे सर्व पुस्तकातून कळत नाही. उत्पादनावर देखरेखीसाठी पात्र आयुर्वेद पदवीधराची गरज आपल्याला कायद्यानेच आहे. चांगला माणूस मिळत नाही, ही आपली तक्रार असेल, तर तो घडविण्याची पहिली पायरी येथेच आहे. हे पंधरा दिवस आंतरवासितेत मोजले जाणार नाहीत, हे विद्यार्थ्याला आधीच स्पष्ट सांगावे.

उपसंहार

नामवंत रुग्णालयाच्या नावाने जागा मिळत नाही, आणि रिकाम्या रुग्णालयातील वाचनाने योग्य जागा कोणती हे कळत नाही. सुश्रुताने केवळ शास्त्र जाणणाऱ्या व केवळ कर्म जाणणाऱ्या वैद्याला एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे. आंतरवासितेचे वर्ष हे दुसरा पंख बळकट करण्याचे वर्ष आहे. जेथे कर्म घडते, जेथे शिकविणारा उपस्थित असतो आणि जेथून सायंकाळी वाचनासाठी घरी परतता येते, ते रुग्णालय योग्य. मग ते महानगरात असो वा तालुक्याच्या गावी. सभासदांनी आपल्या घरी व चिकित्सालयात येणाऱ्या तरुणांशी, तुकड्या पडण्यापूर्वीच, या निकषांवर एकदा बसून चर्चा करावी, ही विनंती.